धागा: मरळीसाठी काठी, रील, दोरी आणि फ्रॉग (रबरी बेडूक) कसे निवडावे? (नागपूर आणि आसपासचे तलाव)

सोनेगावकर

राम राम मंडळी. बास फिशिंगचे व्हिडिओ पाहून सामानाची यादी करून राहिलो. बास हा परदेशी शिकारी मासा काही आपल्या पाण्यात नाही, पण ती ज्या झुडपात-शेवाळात दबा धरून बसते तशाच जागी आपली मरळ बसते, म्हणून तेच तंत्र इकडे कितपत लागू पडतं ते विचारायचं आहे.

पाणी असं: उमरेड-भिवापूरकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव. काठाला बेशरमाच्या झुडपांची दाटी, आत कमळ, कुठे कुठे जलपर्णी. होडी नाही, काठावरूनच टाकायचं. प्रवास मोटरसायकलवर. बजेट सहा हजार, त्यात सगळं बसवायचं आहे.

१. स्पिनिंग रील घ्यावी की बेटकास्टर (आडव्या फिरकीची, अंगठ्याने आवरायची रील)?
२. दोरी किती पौंडाची? लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा वेगळा तुकडा) लागतो का?
३. सुरुवातीला नेमके कोणते ल्युअर (खोटी आमिषं)?
४. टेक्सास रिग, ड्रॉप शॉट वगैरे बासचे प्रकार मरळीला चालतात का?

वेणाकाठ

भाऊ, बहुतेक लोक आधी रील पसंत करतात, मग तिला शोभेल अशी काठी बघतात आणि उरलेल्या पैशात दोरी घेतात. तुम्ही उलट जा. तुमच्या पाण्यात बेशरम आहे, कमळाचे देठ आहेत, म्हणजे मासा लागल्यावर त्याला खेळवायला जागाच नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत त्याचं तोंड वर वळवून झाडाबाहेर काढावं लागतं. तेवढा जोर कोणती दोरी सोसेल हे आधी ठरवा, मग ती दोरी पेलणारी काठी, आणि रील शेवटी.

दोरी: ब्रेडेड (विणलेली), ४० पौंड. उघड्या पाण्यात ३० पुरते, बेशरमात ५० घ्या. स्वस्त दोरीच्या डब्यावर पौंड वाट्टेल तसे छापलेले असतात, म्हणून जाडी वाचा. ०.२८ ते ०.३२ मिमी हवी. चार पदरी दोरी खरखरीत असते, टाकताना कड्यांतून आवाज करते, पण कमळाचा देठ करवतीसारखा कापते आणि स्वस्तही पडते. आठ पदरी गुळगुळीत, थोडी लांब जाते. तुमच्या तलावांना चार पदरीच घ्या.

साधा तंगूस (एकेरी नायलॉन दोरी) इथे चालत नाही. ०.४० मिमीचा तंगूस साधारण २० पौंड सोसतो, पण ताणतो फार. वीस मीटरवर तुम्ही झटका दिला तर निम्मा झटका दोरीच खाते आणि गळ मरळीच्या टाळूत शिरत नाही. बासचं तोंड मोठं आणि मऊ पडद्याचं, मरळीचं टाळू हाडाचं. व्हिडिओत हा फरक कोणी सांगत नाही.

काठी: सात फूट, मीडियम हेवी, फास्ट ऍक्शन. फास्ट म्हणजे वरचा एक तृतीयांश भागच वाकतो, खालचा कणा ताठ राहतो, त्यामुळे झटका थेट पोचतो. काठीवर ल्युअरचं वजन छापलेलं असतं, ते ७ ते २८ ग्रॅमच्या आसपास असावं. तिथेच दोरीचे पौंडही असतात, पण तो आकडा तंगुसासाठी असतो. काठीवर १२–२० पौंड लिहिलं असलं तरी ४० पौंडाची ब्रेडेड चढवता येते. फक्त अडकलेली दोरी काठीने ओढायची नाही. काठी दोरीच्या रेषेत सरळ धरायची, हाताला कापड गुंडाळून दोरीच ओढायची.

मागे झाडं असतील आणि हात पूर्ण फिरवता येत नसेल तर साडेसहा फूट बरी. मोटरसायकलवर न्यायची म्हणून दोन तुकड्यांची घ्या. अडीच इंची पीव्हीसी पाईपला दोन्हीकडे टोपण लावलं की उत्तम नळी होते.

रील: पहिली रील स्पिनिंग, ३००० नंबर, गिअर ६:१ च्या आसपास. बेटकास्टर झाडीत जास्त ताकद देते हे खरं, पण बोटावर येईपर्यंत अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो.

पैशाची वाटणी: काठी २,२००, रील २,०००, दोरी ८००, ल्युअर आणि गळ ७००, उरलेल्या ३०० मध्ये लांब पक्कड आणि तोंड धरायचा ग्रिप. पक्कड यादीतून काढू नका.

सातफुटी

बाकी सगळं बरोबर, रीलबद्दल थोडं वेगळं म्हणतो. ज्याला फ्रॉगच खेळायचा आहे त्याने बेटकास्टर आज ना उद्या घ्यावीच. तिच्यात दोरी सरळ गुंडाळली जाते. स्पिनिंगमध्ये ती काटकोनात वळून जाते, म्हणून जड ओढीला स्पिनिंगचा दांडा आणि रोलर कुरकुरतात. शिवाय ल्युअर पडतापडता अंगठ्याने स्पूल (दोरीची फिरकी) थोपवता येतो, म्हणजे फ्रॉग बेशरमाच्या दोन फांद्यांमध्ये अलगद ठेवता येतो.

गुंता का होतो तेवढं समजून घ्या: ल्युअरचा वेग कमी होतो, पण स्पूल आधीच्याच वेगाने फिरत राहतो, आणि सुटलेली दोरी बाहेर न जाता आतच फुगते. मार्च ते मे वारा समोरून असला तर हे हमखास होतं. उपाय असा: ल्युअर लावून काठी आडवी धरा, बटण दाबा. बाजूची चाकी इतकी आवळा की ल्युअर हळू खाली येईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक सुरुवातीला पूर्ण. १४ ग्रॅमपेक्षा हलकं काही बांधू नका. मैदानात गळाऐवजी शिसं बांधून अंगठ्याचा सराव करा, मग पाण्यावर जा.

सोनेगावकर

म्हणजे आत्ता स्पिनिंगच घेतो. दोरी स्पूलवर चढवताना काही विशेष? आणि लीडरचं राहिलं.

वेणाकाठ

चढवण्यातच अर्धे गुंते ठरतात. ब्रेडेड दोरी धातूच्या स्पूलवर घसरते. गाठ कितीही पक्की असो, मासा ओढायला लागला की सगळी गुंडाळी स्पूलभोवती फिरते आणि ड्रॅग (ताण वाढला की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) खराब झाला असं वाटतं. म्हणून खाली आधी १०–१५ मीटर तंगूस गुंडाळा, त्यावर १०० मीटर ब्रेडेड जोडा. तेवढ्याने स्पूल भरत नसेल तर खालचा तंगूस वाढवा. स्पूलच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. जास्त भरली तर वेटोळी सुटून पडतात, कमी भरली तर कडेवर घासून फेक तोकडी होते.

गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून, चिमटीत दाबून येऊ द्या. सैल गुंडाळली तर वरची दोरी खालच्या थरात रुतते आणि पुढच्या फेकीत ल्युअर तुटून उडतो. फेकल्यावर रीलची तार (बेल) हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि दोरीला एक हलकी ओढ द्या. वाऱ्यात पडणाऱ्या गाठी यानेच टळतात.

ड्रॅग: सामान तोलायचा काटा दोरीला अडकवा आणि काठी थोडी वाकवून ओढा. उघड्या पाण्यात दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर सुटला पाहिजे. ४० पौंड म्हणजे साधारण १८ किलो, तर साडेचार किलोवर. झाडीत फ्रॉग खेळताना मात्र रील सोसेल तितका आवळा. घरी आल्यावर पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून जातात आणि ड्रॅग धक्के देत सुटतो.

गळपट्टी

लीडरबद्दल मी सांगतो, कारण यात दुकानदार चुकीचं सुचवतात. फ्लुरोकार्बन पाण्याखाली कमी दिसतो म्हणून सगळ्यांना तोच विकतात. पण तो पाण्यापेक्षा बराच जड, त्याची घनता १.७८. तरंगणाऱ्या फ्रॉगला बांधला की बुडतो आणि फ्रॉगचं नाक खाली ओढतो, मग तो डावी-उजवीकडे चालत नाही. फ्रॉगला लीडर लावायचा तर साधा तंगूस, ३०–४० पौंडाचा, ५०–६० सेंमी. फ्लुरोकार्बन तळाशी खेळायच्या रबरी माशाला ठेवा.

दाट जलपर्णीत लीडर लावूच नका. जोडगाठीला पानं अडकतात, आणि तिथे मरळीला दोरी दिसतही नाही. ब्रेडेड थेट फ्रॉगला, पालोमर गाठीने.

जोडायला युनी-युनी गाठ पुरेशी: ब्रेडेडचे ७ वेढे, तंगुसाचे ४. आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडा तंगूस आवळताना तापून कमजोर होतो, आणि ती गाठ नेमकी मोठ्या माशालाच दगा देते. एफजी गाठ बारीक होते, कड्यांतून सहज जाते, पण वाऱ्यात उभ्याने बांधायला कठीण.

पोलादी तार मरळीला नको, तिने फ्रॉगची चाल बिघडते. नदीत शिवडा माशाच्या मागे असाल तर गोष्ट वेगळी, त्याचे दात ओळीने बारीक आणि धारदार असतात.

उमरेड_रोड

ल्युअरचं मी लिहितो. सातशे रुपयांत हे घ्या: पोकळ रबरी फ्रॉग दोन (एक काळा, एक हिरवा-पिवळा, अंग पाच सेंमीच्या आसपास, वजन १२–१५ ग्रॅम), शेपटी हलणारे रबरी मासे साडेतीन-चार इंचांचे एक पाकीट, त्यांच्यासाठी ३/० आणि ४/० चे रुंद पोटाचे ऑफसेट गळ, आणि एक १०–१२ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचा ल्युअर). पुरे. दहा रंगांचे फ्रॉग घेऊ नका. खालून आभाळाकडे बघणाऱ्या मरळीला पोटाची सावली दिसते, पाठीवरची नक्षी नाही.

नवा फ्रॉग पाकिटातून काढून सरळ टाकू नका. आधी बोटांनी दाबून पाहा, दोन्ही गळ सहज उघडे पडले पाहिजेत. रबर कडक असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मळून घ्या. मग पकडीने दोन्ही गळांची टोकं अगदी किंचित, एक-दीड मिलिमीटर, वर-बाहेर वळवा. जास्त वळवली तर प्रत्येक पानाला अडकतील. पायांच्या झालरी लांब असतात, मरळ त्याच धरते आणि सुटते, म्हणून अंगाच्या लांबीएवढ्या ठेवून बाकी कापा. एक पाय सेंटिमीटरभर आखूड ठेवला की फ्रॉग जागच्या जागी वळतो.

पोटात पाणी शिरतंच. चार-पाच फेकींनंतर दाबून काढा. पाणी भरलेला फ्रॉग दबत नाही, आणि दबला नाही की गळ उघडत नाही. भाऊ, “मारते पण लागत नाही” या तक्रारीचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

स्पिनरचा तिकडी गळ काढून एकेरी लावा. तिकडी शेवाळ गोळा करतो आणि माशाचं तोंड फाडतो. पुढे छोटी गिरकी लावा, नाहीतर दोरीला पीळ पडतो.

सोनेगावकर

मारल्यावर लगेच झटका द्यायचा की थांबायचं? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं दिसते.

उमरेड_रोड

पाण्यावर फटका दिसला की हात आपोआप वर जातो, तोच आवरायचा. मरळ फ्रॉग तोंडात घेते आणि खाली वळते. फ्रॉग दिसेनासा झाला आणि दोरी सरकली, की मग. क्रम असा: काठीचं टोक माशाकडे खाली करा, दोन फेरे मारून ढील काढा, वजन हाताला जाणवलं की दोन्ही हातांनी वर झटका, आणि न थांबता रील फिरवा. हे सगळं एक-दीड सेकंदाचं काम आहे. पाच सेकंद थांबायला सांगणारे जिवंत चाऱ्याची सवय रबराला लावून राहिले. रबर चाऱ्यासारखं गिळलं जात नाही, ती थुंकून टाकते.

फटका हुकला तर फ्रॉग ओढून घेऊ नका. तिथेच तीन-चार सेकंद पडू द्या, मग एकदा हलवा. नाही आली तर रबरी मासा शिसं न लावता त्या जागेच्या मीटरभर पुढे टाकून हळू आणा. यासाठी दुसरी काठी तयार असली तर फार बरं.

सातफुटी

दीड सेकंद दाट जलपर्णीत कमी पडतो. तिथे मरळ पानासकट फ्रॉग धरते, पान बाजूला व्हायला वेळ लागतो. उघड्या पाण्यात तुमचं बरोबर, दाटीत मी दोन-अडीच सेकंद म्हणेन. पण घड्याळापेक्षा दोरीकडे बघा, दोरी आडवी चालू लागली की झटका.

तलावपाळी

आता जागा आणि वेळ. मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो, कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळी पोकळी असते. ती वर येते, एक घोट घेते, वलय उठतं, मागे दोन-चार बुडबुडे. वलयावरच फ्रॉग आदळू नका. दोन मीटर पुढे टाकून त्यावरून आणा.

मार्च ते जून पाणी आटतं, काठ मागे सरकतो, मरळ उरलेल्या झाडीत जमते. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी मासा सावलीत दबतो, माणसानेही दबावं. डिसेंबर-जानेवारीत गार पाण्यात ती सुस्त, पाठलाग करत नाही. तेव्हा अकरा ते तीन, रबरी मासा तळालगत, अगदी सावकाश. पावसाळी गढूळ पाण्यात फ्रॉग दिसत नाही, गोल पात्याचा स्पिनरबेट जास्त थरथर देतो.

पण पावसाळ्यात एक गोष्ट नक्की पाळा. पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. तिथे काहीही टाका, ते मारतातच, भुकेने नाही, पिल्लं वाचवायला. ती जोडी काढली की चिलापी आणि बाकीचे मासे दिवसाभरात गोळा साफ करतात. त्या जागेवर टाकू नका, कोणी टाकत असेल तर समजावून सांगा.

आणि परवानगी. मामा तलाव मोकळे नसतात. बहुतेकांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, ढिवर कुटुंबांचं पोट त्यावर आहे, माशांचं बी त्यांनी विकत आणून सोडलेलं असतं. आधी गावात संस्थेच्या माणसाला भेटा, फी असेल ती द्या, मरळ न्यायची की सोडायची ते त्यांना विचारा. पावसाळ्यानंतर शिंगाड्याची लागवड असलेल्या तलावात वेलांवर फ्रॉग ओढू नका, ४० पौंडाची दोरी वेल उपटते आणि ते कोणाचं तरी पीक आहे. तोतलाडोह पेंच राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे मासेमारी बंद, विचारायलाही जाऊ नका.

गळपट्टी

चौथा प्रश्न तसाच राहिला. टेक्सास रिग चालतो, आणि चांगला चालतो: ५–७ ग्रॅमचं गोळीच्या आकाराचं शिसं, ऑफसेट गळ, टोक रबरात लपवलेलं. कमळाच्या देठांमधून सरळ खाली जातो. शिसं सुटं फिरत असेल तर पुढे काडी खोचून पक्कं करा, नाहीतर शिसं देठाच्या एका बाजूला आणि मासा दुसऱ्या बाजूला लटकतो. ड्रॉप शॉट (शिसं खाली, गळ त्याच्या वर) खोल, स्वच्छ, मोकळ्या पाण्यातलं तंत्र, गाळाच्या उथळ तलावात त्याचा उपयोग नाही. वॅकी रिगचा (रबराच्या मधोमध खोचलेला) गळ उघडा असतो, बेशरमात पहिल्याच फेकीत अडकेल.

अजून एक. बासला खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. मरळीला तसं कधीच धरू नका, पुढे टोकदार सुळे आहेत, अंगठा फाटतो. ग्रिपने जबडा धरा आणि दुसरा हात पोटाखाली. सोडायची असेल तर हात ओले करा, तापलेल्या दगडावर ठेवू नका. हवा घेते म्हणून ती बाहेर जास्त वेळ टिकते, पण अंगावरचा बुळबुळीत थर गेला की बुरशी धरते.

फुटाळा_पाळ

याच सामानावर रोहू-कतला होईल का? मी रविवारी दोन्ही करावं म्हणतो.

तलावपाळी

दोरी जाड आणि काठी ताठ, त्यामुळे रोहूचं हलकं चावणं कळत नाही आणि कळलं तर झटक्यात ओठ फाटतो. त्याला वेगळी मऊ काठी, ०.३० चा तंगूस, ६ किंवा ८ नंबरचे गळ. चाऱ्याला अर्धा किलो शेंगदाण्याची ढेप भाजून कुटलेली, पाव किलो तांदळाचा कोंडा, वर मूठभर कणीक. पाणी इतकंच की लाडू वळेल पण पाण्यात दहा मिनिटांत विरघळेल. विरघळला नाही तर मासा जमत नाही. कतला वरच्या थरात, रोहू मध्ये, मृगळ तळाला, त्याप्रमाणे खोली ठेवा. यावर वेगळा धागा काढा, इथे सगळं गुंतेल.

सोनेगावकर

सामान ठेवण्याबद्दल काही? उन्हात गाडीच्या डिक्कीत राहते ते.

वेणाकाठ

रबरी मासे डिक्कीत मुळीच ठेवू नका. नागपूरच्या उन्हात ते वितळून चिकटतात. दोन वेगळ्या कंपन्यांची रबरं एका खणात ठेवली तर एकमेकांना गाळतात, काही तर प्लास्टिकचा डबाही खातात. ज्या पाकिटात आले त्यातच ठेवायचे, सरळ ताणून. वाकडी शेपटी झाली तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात टाका.

कड्यांमधून महिन्यातून एकदा कापसाची काडी फिरवा. धागा अडकला तर चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड दोरीला दर फेकीत कापते. गाठीजवळची दोन मीटर दोरी प्रत्येक वेळी बोटांत धरून पाहा, पांढरट-केसाळ झाली की कापून टाका.

मासा काठावर आला की काठी डोक्यामागे नेऊ नका. काठी आणि दोरीचा कोन नव्वद अंशांच्या वर गेला की सगळा भार टोकाच्या पातळ भागावर येतो आणि फास्ट ऍक्शनची काठी तिथेच तुटते. दोन पावलं मागे सरका किंवा दोरी हातात धरा.

जूनच्या सुरुवातीला आभाळ गडगडलं की कार्बनची काठी खाली ठेवा आणि पाळीवरून उतरा. कार्बनमधून वीज वाहते. तलावाच्या पाळीवर सात फुटांची काठी उभी धरणारा माणूस सगळ्यात उंच असतो. काठावरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालीही फेकू नका.

फुटाळा_पाळ

दोन तुकड्यांची काठी फेकताना फिरून कड्या वाकड्या होतात, आणि कधी कधी जोड सुटतच नाही. त्याला काय करतात?

सातफुटी

जोडताना वरच्या तुकड्याच्या कड्या पाव फेरा बाजूला ठेवून आत दाबा आणि फिरवत सरळ रेषेत आणा, मग घट्ट बसते. नर भागावर मेणबत्ती हलकी घासा. दर दहा-पंधरा फेकींनी रेषेत आहे का बघा, सैल जोडावर झटका दिला तर खालच्या तुकड्याचं तोंड उभं चिरतं.

अडकली तर कड्या धरून पिळू नका, कड्यांचे पाय तुटतात. जोडाच्या बाहेरच्या, म्हणजे मादी भागावर कोमट पाण्याचं फडकं अर्धा मिनिट ठेवा, आतल्या भागाला गार राहू द्या. मग काठी गुडघ्यांमागे आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून दोन्ही तुकड्यांवर, आणि गुडघे बाहेर ढकला. ओढ सरळ रेषेत बसते, पीळ पडत नाही.